गव्हावर दळलेली ज्वारी

“नात पुन्हा दवाखान्यात आहे रे, श्रीपाद,” ज्वारीचा डबा गिरणीच्या ओट्यावर ठेवत काकू म्हणाल्या. “नुसती हाडं उरलीत. डॉक्टर म्हणतात, कुठून तरी गहू पोटात जातोय. मी तवा बदलला, पोळपाट बदलला. शेवटी सुनेवर संशय घेतला, नाही नाही ते बोलले. आता ती माझ्याशी बोलत नाही.”

श्रीपादने डबा आपल्याकडे ओढून घेतला. वडील होते तोवर या दोन किलो ज्वारीसाठी गिरणी थांबायची. त्या पोरीला गव्हाचा कणही सोसत नाही, म्हणून वडील आधी दगड झाडून-पुसून घ्यायचे. अर्धा तास मोडायचा. वडिलांमागे श्रीपादला वाटलं, तेवढ्यात चार गिऱ्हाइकं होतील. तेव्हापासून तो गव्हावरच ज्वारी दळायचा आणि संध्याकाळी डबा न्यायला आलेल्या काकूंना सांगायचा, “साफ करून दळलंय.”

त्याचा हात बटणाकडे गेला. गिरणी थांबली. रांगेतली माणसं कुरकुरली.

काकू त्यांच्याकडे वळल्या. “जरा धीर धरा. अगदी वडिलांवर गेलाय पोरगा. माझ्या नातीसाठी दर वेळी गिरणी थांबवतो.”