एकही हरकत नाही

बंद गिरणीच्या आवारात घातलेल्या मांडवात आर्किटेक्ट भाग्यश्री येमूल नव्या वस्तीचा नकाशा तासभर समजावत होती. बॉयलरच्या जागी वाचनालय, माग होते तिथं बाजार आणि गेटजवळ कारंज्याचा चौक.

"कुणाची हरकत?" अधिकाऱ्यांनी विचारलं. जुने विणकर गप्प राहिले. "लिहा मॅडम, एकही हरकत नाही."

पेन उघडताना तिचं लक्ष मागच्या रांगेकडे गेलं. म्हाताऱ्यांचे हात मांडीवर हलत होते. मागांच्या खडखडाटात विणकर असेच खुणांनी बोलत, साहेबांच्या नकळत. तिचे वडील घरीही चहा खुणेनंच मागत.

एकानं तळहात डोक्यावर धरून सावली दाखवली. शेजाऱ्यानं हवेत कुऱ्हाड चालवली. कारंज्यासाठी तिनं गेटजवळची चिंच नकाशातून पुसली होती. त्याच चिंचेखाली हे सगळे डबा खायचे. वडीलसुद्धा.

भाग्यश्रीनं पेन मिटलं. वडील गेल्यापासून त्या खुणा केल्या नव्हत्या. सगळ्यांदेखत हात उचलून तिनं खुणेनं विचारलं, "चिंच ठेवते. कारंजं कुठं हलवू?"

कुणी चकार शब्द काढला नाही. फक्त तीस हात उठले, तीस दिशांना.