कमानीसमोरची जागा

"या सायेब, इथं उभे राहा. इथून सूर्य बरोबर कमानीत येते."

मनोजने वळून पाहिलं. परकोटाच्या जुन्या दरवाजासमोर, भर रस्त्यात एक माणूस उभा होता. अंगात मळका स्वेटर, दाढी वाढलेली. अमरावती नुकती जागी होत होती. दूधवाले, फुलांच्या टोपल्या घेऊन आलेल्या बाया, फिरायला निघालेली म्हातारी मंडळी, सगळे त्या माणसाला वळसा घालून जात होते. त्याच्याकडे बघत मात्र कुणीच नव्हतं.

मनोजला त्याचं काही विशेष वाटलं नाही. नाशिकच्या घरी मनोज स्वतः आठच्या आधी कधी अंथरुणातून उठला नव्हता, पण परगावी गेला की सूर्याच्या आधी हजर. प्रत्येक शहराची एखादी वास्तू आणि तिच्यावर पडलेलं पहिलं ऊन, एवढाच नाद. चिखलदऱ्याला निघालेली गाडी त्याने केवळ या दरवाजासाठी अमरावतीत मुक्कामी थांबवली होती. त्याची बायको रागिणी, "तुझं लग्न त्या कॅमेऱ्याशीच लावून द्यायला हवं होतं," असं पुटपुटत कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा आणायला गेली होती.

फोटोची जागा कुणी आपणहून देत असेल तर नाही कशाला म्हणा? मनोज पुढे निघाला. मागून एक फूलवाली काहीतरी ओरडली, पण तोवर तो त्या माणसापाशी पोचला होता. माणूस बाजूला सरकला आणि मनोज त्याच्या जागी उभा राहिला.

सूर्य खरोखरच कमानीत आला. काळे दगड हळूहळू केशरी झाले. मनोजने भराभर फोटो काढले. असा फोटो त्याला आजवर कुठल्याच गावात मिळाला नव्हता. आभार मानायला तो वळला.

तो माणूस स्वतःचे हात उलटसुलट करून पाहत होता. तेवढ्यात त्याच्यासमोर एका ऑटोने कचकन ब्रेक दाबला.

"मरतं काय बे? रस्ता दिसत नाई काय?" ऑटोवाला खेकसला.

शिव्या खाऊन त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं. "दिसलो त्याले," तो स्वतःशीच म्हणाला. मग तो मनोजकडे वळला, पण त्याची नजर मनोजच्या खांद्याच्या जरा बाजूला गेली. "माफ करा सायेब. मलेही असंच बलावलं होतं एकानं. आता तुमी कोनाले तरी बलावा. जवळ आलेल्या मानसाले आवाज ऐकू येते, अन् ज्याले ऐकू आला त्यालेच तुमी दिसता. थो या जागी आला का तुमी सुटले."

आणि तो पळत सुटला.

वेडा दिसतोय, असं म्हणून मनोज हसला आणि त्याने पाऊल उचललं. पाऊल उचललं गेलं, पण पडलं तिथंच. दुसरं उचललं, तेही तिथंच. तो धावला. दम लागला, घाम फुटला, आणि दरवाजा होता तेवढ्याच अंतरावर राहिला. लहानपणी जत्रेत बापाचा हात सुटला होता, तेव्हा ओरडला होता तसाच तो ओरडला. दूधवाला लांबूनच वळसा घालून गेला. शाळेला निघालेल्या पोरी गप्पा मारत वळसा घालून गेल्या.

रागिणी दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन आली.

"मनोज?" तिने इकडेतिकडे पाहिलं. कप दरवाजाच्या कट्ट्यावर ठेवून फोन लावला. त्याच्या खिशातला फोन वाजला नाही. "मनोज, मस्करी पुरे हं आता." तिचा आवाज आधी चिडका होता, मग बारीक होत गेला. हाका मारत मारत ती नेमकी त्याच्यासमोर येऊन थांबली. हात पुढे केला असता तर तिच्या गालाला लागला असता.

एक शब्द पुरे होता. नुसतं "अगं" म्हटलं असतं तरी ती पुढे आली असती. मग तो मोकळा, आणि ती इथे. त्याला सुटायचं होतं. इतकं, की त्याचं तोंड आपोआप उघडलं. त्याने कॅमेऱ्याचा पट्टा दातांत धरला आणि घट्ट चावला. रागिणी रडत होती. तिला जवळ घ्यावं, इथेच आहे मी म्हणावं, असं त्याला फार वाटत होतं. तो गप्प राहिला.

ती आणखी पुढे पाऊल टाकणार, तोच त्या मघाच्या फूलवालीने येऊन तिचं मनगट पकडलं.

"बाई, बाजूनं. त्या जागी नोका जाऊ."

"माझे मिस्टर इथंच होते हो मावशी. आत्ता होते!"

"माईत हाये मले. म्या पाह्यलं त्याईले जातानी. आवाज देल्ला, पन उशीर झाला." फूलवाली त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. रागिणीचं मनगट तिने सोडलं नाही. "मले एक सांगा. तुमी आता इथं उभ्या होत्या, तं तुमाले कोनी बलावलं काय?"

"नाही," रागिणी हुंदका आवरत म्हणाली. "कुणीच नाही."

"मंग थे तुमचेच हायेत, बाई," फूलवाली म्हणाली. "परका असता तं त्यानं बलावलं असतं."