तक्रार क्रमांक दोन

"अधिकारी मॅडम आहेत का?" दाराबाहेरच्या माणसाने तिसऱ्यांदा विचारलं.

आत्या शिलाई मशीनमागे अंग चोरून बसली होती. तोंडात चार टाचण्या होत्या, त्यामुळे घाबरून ओरडायचीही सोय नव्हती. दाराच्या भिंगातून तिने एकदा बघून घेतलं होतं. दाराएवढा माणूस, वाढलेली दाढी, काखेत खोकं. तीस वर्षं ती लोकांच्या पँटी आखूड करून देत होती. तिला अधिकारी आजवर कोणी चुकूनही म्हटलं नव्हतं.

टाचण्या काढून तिने भाच्याला फोन लावला.

"आत्या, आधी घाबरू नकोस," भाचा म्हणाला, तेव्हा ती नीट घाबरली. "मी ऑनलाइन कुलपं विकतो ना, फोनने उघडणारी? आता कायदाच आहे, वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव-पत्ता द्यावाच लागतो. माझा दिला असता तर लोक माझ्याकडे आले असते."

"म्हणून माझा दिलास, मेल्या?"

"तू समजूतदार आहेस गं. तक्रार फक्त लिहून घे, नाहीतर आपलं दुकान बंद करतील. आणि दार उघडू नकोस. आपलंच कुलूप आहे, हत्ती आला तरी हलणार नाही."

कुलूप खरंच त्याचंच होतं. वाढदिवसाला दिलेलं.

आत्याने एका हातात कात्री घेतली, दुसऱ्या हातात मापांची वही. "तक्रार बाहेरूनच सांगा," ती दाराला म्हणाली. "दार उघडणार नाही."

बाहेर खोकं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"मॅडम, माझी तक्रारच ती आहे."

टिक् असा आवाज झाला आणि दार उघडलं.

माणूस फोन हातात धरून उंबऱ्याबाहेरच उभा होता, पायाशी कुलपाचं रिकामं खोकं. आधी त्याने चपला काढल्या. "माफ करा. करून दाखवल्याशिवाय कुणाचा विश्वास बसत नाही. हे कुलूप कुणाच्याही फोनने उघडतं. शेजारी त्याचं दार उघडतो, माझंही उघडतं. नऊ दिवस दाराला कपाट लावून झोपतोय. काल कपाटाचं दार वाजलं, तर मी पलंगाखाली."

आत्याने त्याला आत घेतलं, दार लोटलं, कुलूप आपोआप लागलं, पाणी दिलं. कात्री मात्र टेबलाच्या आपल्याच बाजूला ठेवली. मग वहीत, कुणाच्या तरी कंबर चौतीस आणि उंची चाळीसच्या खाली, तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं: तक्रार क्रमांक एक. त्याने सही केली.

तिने पुन्हा फोन लावला. "किती विकलीस रे ही कुलपं?"

"चार हजार!" भाच्याचा ऊर भरून आला. "एकट्या तुझ्या बिल्डिंगमध्ये सात."

"त्यांना सांगितलंस, ही कशी उघडतात ते?"

"आत्या, आवाज तुटतोय," भाचा अगदी स्पष्ट आवाजात म्हणाला आणि फोन ठेवला.

वाढदिवसापासून आत्या याच कुलपाच्या भरवशावर एकटी झोपत होती. मग तिने वही पुढे ओढली. तक्रार क्रमांक दोन. तक्रारदार: मी. अधिकारी: मीच.

सही अर्धी झाली असेल, तेवढ्यात टिक् झालं.

माणसाचा फोन टेबलावर पालथा पडलेला होता. त्याच्या दोन्ही हातांत पाण्याचा पेला होता.

"मी नाही," तो पुटपुटला.

दाराची मूठ हळूहळू खाली झुकू लागली. आत्याने कात्री उचलली, आणि तो दाराएवढा माणूस तिच्या मागे जाऊन उभा राहिला.