गादीतली धूळ

"एक मशीन, आठ कामं," असं म्हणत सेल्समनने पेटी उघडली आणि बाहेरच्या खोलीत सतरंजीवर एकेक ब्रश मांडायला सुरुवात केली. फरशीचा वेगळा, सोफ्याचा वेगळा, पडद्यांचा वेगळा. पंख्याच्या पात्यांसाठी वाकडा, कपाटामागच्या फटीसाठी चपटा. सांडलेलं पाणीसुद्धा ओढतं म्हणाला.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," काका सोफ्यावरून म्हणाले. "भाजी चिरतं का तुमचं मशीन?"

"पुढच्या मॉडेलमध्ये, काका," सेल्समन हसला. घरोघरी असा एक नवरा सोफ्यावर असतोच, आणि त्याच्याशी वाद घालायचा नसतो, एवढं तो आठ वर्षांत शिकला होता.

काकूंना पंख्याशी आणि पडद्यांशी काही देणंघेणं नव्हतं.

"गादीचं कुठलं?" त्यांनी विचारलं. त्याने रुंद तोंडाचा ब्रश उचलून दाखवला. "आतली धूळ ओढतो ना? नुसती वरवरची नाही, आत बसलेली?"

"आतलीच तर ओढतो, काकू."

"आमच्या मुलीला धूळ सोसत नाही हो. पुढच्या महिन्यात चार दिवस इथे काम आहे तिचं, तर हॉटेलात उतरते म्हणतेय. मागच्या दोन्ही खेपांना तसंच केलं. तिच्या खोलीत पाऊल टाकलं की म्हणे शिंका सुरू होतात. मग म्हटलं, धूळच काढून टाकू. म्हणजे अडचणच नाही."

"बरोबर आहे," सेल्समन म्हणाला.

वर्तमानपत्राची नीट असलेली घडी काकांनी मोडली आणि पुन्हा घातली.

सेल्समनची एक हुकमी युक्ती होती. नळीच्या तोंडावर स्वच्छ पांढरं फडकं ताणायचं, वर ब्रश बसवायचा आणि अर्धा मिनिट फिरवायचा. मग फडकं काढून घरातल्या बाईपुढे धरायचं. पुढे बोलावं लागत नसे. त्याने काकांना उठवलं आणि सोफ्यावर ब्रश फिरवला. फडक्यावर बशीएवढा काळाकुट्ट डाग उमटला.

"अगंबाई!" काकू म्हणाल्या. शरमल्याही आणि खूशही झाल्या. "यावर बसतो आपण!"

"मी बसतो," काका म्हणाले. "माझ्या मेहनतीची धूळ आहे ती."

"आता तिची खोली," काकू म्हणाल्या आणि लगबगीने पुढे झाल्या.

खोली लहान होती. खिडकीशी पलंग, पलंगावर एकही सुरकुती नसलेली चादर. उशाशी धुतलेला टॉवेल आणि साबणाची नवी वडी, वरचा कागदसुद्धा तसाच. मुलगी यायला अजून पाच आठवडे होते.

सेल्समनने चादर बाजूला केली, नवं फडकं लावलं आणि ब्रश फिरवला. अर्ध्याऐवजी पुरता एक मिनिट. फडकं काढलं आणि सवयीने काकूंपुढे धरलं. मग स्वतःच पुन्हा पाहिलं.

फडकं पांढरंशुभ्र होतं.

"थांबा हं," तो पुटपुटला. ब्रश काढून पुन्हा बसवला, बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि गादीच्या शिवणींतून, कोपऱ्यांतून मशीन नेलं. मशीन जिवाच्या आकांताने ओरडत होतं. फडकं होतं तसंच राहिलं.

"काकू, ऊन दाखवता का गादीला?"

"दर रविवारी. आणि दिवसाआड ओल्या फडक्याने पुसून घेते. पडदे पंधरा दिवसांनी धुते."

"मग कुठून येणार धूळ? आठ वर्षं लोकांच्या गाद्या झाडतोय, अशी गादी नाही पाहिली. खरं सांगायचं तर या खोलीला मशीनची गरजच नाही."

हे ऐकून दुसरी कुणी फुलून गेली असती. शेजारणींना बोलावून ते फडकं दाखवलं असतं. काकूंचा चेहरा खर्रकन उतरला. धूळ असती तर ती काढता आली असती. धुळीला ब्रश होता, नळी होती, दोन वर्षांची गॅरंटी होती. धूळ नाही, तर मग काय, हे विचारायला त्यांची जीभ धजावेना.

"मशीन बिघडलंय तुमचं," त्या म्हणाल्या.

"अहो, आत्ताच सोफ्यावर..." सेल्समनने त्यांच्याकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं.

काकूंनी ते फडकं घेतलं आणि खिडकीपाशी नेलं. उजेडात धरून एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं. बोटाने घासून बोट पाहिलं. लेकीला शिंकताना त्यांनी कधी ऐकलं होतं, हे त्या आठवत असाव्यात. आपलं मूल चार दिवस या पलंगावर झोपावं, सकाळी चादर चुरगळलेली दिसावी, एवढंच तर त्यांना हवं होतं.

सेल्समन नळी गुंडाळू लागला.

"थांबा," दारातून काका म्हणाले. ते आत आले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि कमरेवर हात दाबत वाकून गादीचा एक कोपरा धरला. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना बादलीसुद्धा उचलू नका म्हणून बजावलं होतं.

"अहो, काय करताय?"

"धर तिकडून. उलटी करू," काका म्हणाले. "वरून बघून काय कळणार? धूळ खाली बसते."

काकूंनी घाईघाईने दुसरा कोपरा धरला.

"असेल ना हो?"

"असणारच," काका म्हणाले.