निकाल शंभर टक्के

"रडायचं नाही," आत्या म्हणाल्या. "त्या बाईसाठी तर मुळीच नाही."

खारूताई रडत नव्हतीच. हॉस्टेलच्या खोलीत कॉटच्या कडेवर बसून ती पांढऱ्या ॲप्रनचा बंद रागाने बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. खारूताई हे नाव तिला वॉर्डातल्या पेशंटांनी दिलेलं. या खाटेवरून त्या खाटेकडे सदा तुरुतुरु. हातात कधी थर्मामीटर, कधी पाण्याचा पेला.

नर्सिंगचं तिसरं आणि शेवटचं वर्ष. अंतिम परीक्षा तोंडावर आलेली. सराव परीक्षेत औषधांच्या पेपरात ती थोडक्यात हुकली, आणि आज सकाळी प्रिन्सिपॉल मोठ्या मॅडमनी तिला केबिनमध्ये उभं करून, दारसुद्धा न लावता, सुनावलं.

"काय म्हणाली नेमकं?" आत्यांनी विचारलं. आत्या हॉस्टेलच्या रेक्टर. सख्खं कुणी नसलेल्या या इमारतीत सगळ्या मुलींच्या सख्ख्या.

"म्हणाल्या, तुझ्या एकटीमुळे निकाल खाली येईल. घरची अडचण आहे असं लिहून दे आणि नाव काढून घे. पुढच्या वर्षी बघू."

"पुढचं वर्ष कुणी पाहिलंय!" आत्या कडाडल्या. "गेटवर हा एवढा फलक लावलाय, निकाल शंभर टक्के. लाज वाटत नाही? जी जरा डळमळेल तिला परीक्षेआधीच बाहेर काढायचं. चांगले दाणे पाखडून फेकायचे आणि वर जगाला सांगायचं, बघा, आमच्या सुपात खडाच नाही! अरे, पोरी आहेत का धान्य?"

"मागच्या वर्षी माझ्या खोलीतली ताई गेली, ती पण अशीच?"

"अशीच. याच कॉटवर बसली होती."

खारूताई ताडकन उठली. "मी नाही जायची, आत्या. माझी हजेरी पूर्ण आहे, वॉर्डातली ड्यूटी पूर्ण आहे. मी स्वतःहून सोडत नाही तोवर मला परीक्षेला बसण्यापासून कुणाचा बाप अडवू शकत नाही."

टॉवेलच्या घडीवर आत्यांचा हात थांबला.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"नर्सिंग कौन्सिलमध्ये फोन करून विचारलं मी."

"शहाणी गं माझी बाय." आत्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "बस की मग. जरूर बस. फक्त परीक्षेपर्यंत त्या बाईचं थोबाड रोज बघायचं. येता-जाता तिचे टोमणे गिळायचे. प्रात्यक्षिकालाही समोर तीच. पास झालीस तर म्हणेल, मी दया केली. नापास झालीस तर तुझ्या नावाने खडे फोडेल. आणि जिने दार उघडं टाकून, चार माणसांदेखत तुझी लायकी काढली, तिच्याच हातून सर्टिफिकेट घ्यायचं, हसून फोटो काढायचा. जमेल? तुझ्या आईने शिवलेत ना गं हे नर्सचे कपडे?"

"हो." खारूताईचा आवाज पहिल्यांदा ओला झाला. "आई म्हणते, नर्स झालीस की पहिलं इंजेक्शन मला. दुखलं तर बघ, म्हणते, कान उपटीन."

"देशील की इंजेक्शन. मानाने शिकून देशील. चांगली कॉलेजं काय ओस पडलीत?"

"पण माझी तीन वर्षं धरतील तिथे?"

"का नाही धरणार?" आत्या बॅगेत तोंड घालून म्हणाल्या. त्यांनी बॅग कधी काढली, कधी कपडे रचायला घेतले, खारूताईला कळलंही नव्हतं. घडी घालता घालता त्या गुणगुणत होत्या, दळताना म्हणावं तसं, संथ:

"वाट म्हणे ये गं बाई, उंबरा म्हणे जाऊ नको,
जिथे नाही तुझा मान, तिथे घडीभर राहू नको."

खारूताई ऐकत राहिली. हळूहळू तिची मान ताठ झाली.

"मीच सोडते," ती म्हणाली. "ती काय काढणार मला? तोंडावर सांगून येते, तुमचं कॉलेज तुम्हालाच लखलाभ!"

"हं! आता कशी!"

ती गेली तशी वाऱ्यासारखी परत आली. नाव काढायच्या अर्जावर सही करून, पेन टेबलावर आपटून. गाल तापलेले, डोळ्यांत जिंकल्याची चमक.

बॅग आत्यांनीच उचलली. गेटकडे जाताना वॉर्डाच्या खिडकीतून एका म्हाताऱ्या पेशंटने हाक मारली, "ए खारूताई! अगं, माझी सुई कोण टोचणार? ती दुसरी खिळा ठोकल्यासारखी टोचते!"

खारूताईची पावलं अडखळली. त्या खिडकीकडे ती बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतली चमक विझू लागली.

"आत्या, मी घाई तर नाही ना..."

"मागे बघू नकोस, पोरी." आत्यांनी तिचा दंड घट्ट धरला. "ताठ मानेने जा. रडत गेलेली पुन्हा दार ठोठावते. तू हसत जा."

ती हसली. गाडी वळेपर्यंत आत्या हात हलवत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते पाणी खोटं नव्हतं. पोर गुणाची होती.

आत्या परतल्या तेव्हा मोठ्या मॅडम केबिनच्या दारातच उभ्या होत्या.

"अहो आत्या, मला शिव्या जरा बेताने देत चला," त्या हसत म्हणाल्या. "आज पोरगी अशी अंगावर आली, वाटलं, मारतेय आता."

आत्यांनी रुमालाने डोळे टिपले.

"बेताने दिल्या असत्या, मॅडम, तर ती परीक्षेला बसली असती."