दोघांत आधी कोण

सकाळपर्यंत बंदरावरच्या यंत्रात मासळीची कसोटी बसवलेली होती. दोन मासे पाहायचे, जड तो आधी. आता समुद्र धक्क्यावर चढत होता आणि तेच यंत्र बोटीत बसणाऱ्या माणसांचा क्रम लावणार होतं. बदलायची होती फक्त कसोटी.

"सरकारी कसोटी बसवा, तांडेलबाई," अधिकारी धनवडे म्हणाले. "दोघांत जो जास्त कामाचा, तो आधी."

यंत्र सांभाळणाऱ्या रेवती तांडेलनं ती चालवून पाहिली. रांगेत सर्वांत पुढे उभ्या असलेल्या, जाळी विणून बोटं वाकलेल्या हलीमाचाची यंत्राच्या यादीत थेट शेवटी गेल्या. शेवटच्या खेपेला बोट परत येईल, याची खात्री कुणालाच नव्हती.

"काय गो पोरी, माझा नंबर कुठं?" चाचींनी विचारलं.

"आहात तिथंच उभ्या राहा."

रेवतीनं सरकारी कसोटी काढून टाकली आणि स्वतः एका ओळीची लिहिली. कोणतीही दोन माणसं समोर येवोत, उत्तर एकच: दोघं सारखी. सारख्यांची जागा यंत्र बदलत नसे. रांग उभी होती तशीच राहिली आणि बोटीकडचं फाटक उघडलं.

"यंत्र बिघडवलंत तुम्ही! नोकरी जाईल!"

"यंत्र ठीक आहे, साहेब. हा कर्णा घ्या. दोघांत बिनकामाचं कोण, ते तुम्हीच नाव घेऊन सांगा. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

धनवड्यांनी रांगेकडे पाहिलं. सगळी रांग त्यांच्याकडेच पाहत होती. कर्णा त्यांनी हातात घेतला नाही.

हलीमाचाची बोटीच्या फळीवर चढल्या.