माझीच गाठ

भाड्याने दिलेले तंबू परत आले की धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवायचं काम माझं. लोक ओला तंबू तसाच पिशवीत कोंबून आणतात, त्याला बुरशी धरते आणि माझं डोकं फिरतं.

"गिऱ्हाईक असावं तर असं!" मालक एका गृहस्थांबद्दल नेहमी म्हणायचे. ते दर शुक्रवारी "उद्या लेक येणारेय माझ्याकडे" असं सांगून तंबू न्यायचे, सोमवारी कोरा करकरीत आणून द्यायचे आणि "मजा आली" एवढंच म्हणायचे. पिशवीच्या नाडीला मी मारलेली गाठ मात्र जशीच्या तशी असायची. मालकांना मी हे कधी सांगितलं नाही, पण सोमवारी ती पिशवी हातात येईपर्यंत माझ्या जिवाला चैन पडायची नाही.

या सोमवारी तंबू आला तो ओलागच्च, वर दोन खुंट्या कमी. मालक त्यांच्यावर चांगलेच खेकसले. त्या गडबडीत ते गृहस्थ "मजा आली" म्हणायलाच विसरले.

मी तंबू धुवायला पसरला, पण आतल्या चिखलात उमटलेल्या चिमुकल्या पावलांवर पाणी ओतायला काही केल्या हात उठेना.